प्राणीगृहातील पहिले महिने: प्रयोगशाळेतील प्राण्यांची निगा राखायला शिकताना

विद्यापीठातील संशोधन प्रकल्पात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला यंत्रे आणि रसायने यांची ओळख सविस्तर करून दिली जाते. प्राण्यांच्या बाबतीत मात्र "अमुक दिवशी इंजेक्शन द्यायचे आहे, त्याआधी कुणाकडून तरी शिकून घे" एवढ्यावरच त्याची बोळवण होते. हा लेख त्या विद्यार्थ्यासाठी आणि प्राणीगृहात नव्याने रुजू झालेल्या मदतनिसांसाठी आहे. त्यात मुख्यतः उंदीर आणि रॅट यांचा विचार केला आहे, कारण नवख्या माणसाच्या हाती बहुधा हेच प्राणी आधी येतात. (मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणतात, सोयीसाठी येथे पंचवीस-तीस ग्रॅमच्या माउसला उंदीर म्हटले आहे आणि त्याच्या सुमारे दसपट वजनाच्या भाऊबंदाला रॅट.)

पुढे सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत: निरोगी आणि निवांत प्राणी कसा दिसतो, हे आधी डोळ्यांत बसले पाहिजे. उंदीर, ससा, गिनीपिग हे निसर्गात दुसऱ्यांचे भक्ष्य असतात. दुबळा दिसणारा जीव आधी पकडला जात असल्यामुळे दुखणे लपवणे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते, आणि म्हणून प्राणी आजारी दिसू लागतो तेव्हा तो बराच आधीपासून आजारी असतो.

प्रकल्प कागदावर असताना

प्राण्यांवरील प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी लागते. तो मंजूर आराखडा मार्गदर्शकाच्या कपाटात न ठेवता आपण स्वतः वाचून काढावा. किती प्राणी, कोणत्या वयाचे, कोणती कृती, औषधाची मात्रा किती आणि कोणत्या अवस्थेत प्रयोग थांबवायचा, हे सारे त्यात लिहिलेले असते. त्यात नसलेली कृती कितीही किरकोळ वाटली तरी आधी दुरुस्तीला मंजुरी घ्यावी आणि मगच ती करावी.

या आराखड्यांचा पाया विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांवर आहे. पहिले तत्त्व म्हणजे प्राण्याऐवजी पेशीसंवर्धन, संगणकीय प्रारूप असा पर्याय शोधणे. दुसरे म्हणजे प्राण्यांच्या संख्येत कपात. आणि तिसरे म्हणजे त्रास कमी होईल अशी सुधारणा. यांपैकी कपातीचा अर्थ नेहमीच चुकीचा लावला जातो. प्राणी इतके कमी घेतले की संख्याशास्त्राच्या कसोटीवर कोणताच निष्कर्ष टिकेना, तर ते सगळेच प्राणी वाया गेले असे समजावे. त्यामुळे संख्येचे गणित प्रयोग सुरू होण्याआधी संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून करावे. तिसरे तत्त्व मात्र पिंजऱ्याला हात लावणाऱ्याच्याच हातात असते, आणि पुढचा सगळा भाग त्याविषयीच आहे.

त्याआधी स्वतःच्या तब्येतीविषयी थोडेसे. उंदीर आणि रॅट यांच्या मूत्रातील प्रथिनांची अनेकांना ॲलर्जी होते. ती आधी शिंकांच्या, डोळे चुरचुरण्याच्या रूपात येते आणि दुर्लक्ष केल्यास दम्यापर्यंत जाऊ शकते. मास्क, हातमोजे आणि प्राणीगृहापुरता वेगळा कोट यांत सवलत घेऊ नये. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, आणि घरी उंदीर किंवा हॅमस्टर पाळला असेल तर तसे प्राणीगृहाच्या पशुवैद्यकांना आधीच सांगावे, कारण कपड्यांवरून संसर्ग आत येतो.

प्राणी येतात तेव्हा

प्रवासात प्राण्यांचे वजन घटते, पाणी कमी पडते, झोपेचे चक्र बिघडते. पेटी उघडल्यावर प्रत्येक प्राण्याचे वजन करून ते पिंजऱ्यावरच्या कार्डावर लिहावे, कारण पुढे "वजन घटले" असे म्हणताना कशाच्या तुलनेत, याचे उत्तर याच आकड्यात असते. त्यानंतर निदान आठवडाभर त्यांच्यावर कोणताही प्रयोग करू नये. प्रकाशाचे चक्र उलटे करायचे असेल तर याहून अधिक दिवस द्यावेत.

हा आठवडा रिकामा जातो असे समजू नये. रोज दहा मिनिटे पिंजऱ्यासमोर नुसते बसावे. ते कसे झोपतात, घरटे कुठल्या कोपऱ्यात करतात, झाकणाचा आवाज झाला की कोण आधी बाहेर डोकावतो, हे पाहावे. नवशिक्याला मी द्यायचे म्हटले तर हेच पहिले काम देईन, आणि ते उरकल्याशिवाय सिरिंज हातात देणार नाही.

खोली

उंदरांच्या खोलीचे तापमान साधारणपणे २० ते २६ अंश सेल्सिअस ठेवतात. हे तापमान वावरणाऱ्या माणसाला सुखाचे असते, उंदराला ते गारच वाटते. शरीर ऊबदार ठेवण्यासाठी जादा ऊर्जा खर्च करावी लागू नये असे त्याचे तापमान ३० अंशांच्या आसपास आहे. हा फरक तो घरटे करून आणि एकमेकांना चिकटून झोपून भरून काढतो. म्हणून कागदाच्या पट्ट्या किंवा तत्सम घरट्याचे साहित्य ही त्याची मूलभूत गरज मानावी आणि ते चिमूटभर न देता आठ-दहा ग्रॅम तरी द्यावे.

आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांच्या मर्यादेत ठेवावी. प्रकाश बहुतेक ठिकाणी बारा तास असतो आणि उरलेले बारा तास अंधार. या अंधारात "फक्त दोन मिनिटांसाठी" दिवा लावणे हा अनेकांचा आवडता अपराध आहे. रात्रीच्या त्या दोन मिनिटांनी प्राण्याचे संप्रेरकांचे चक्र विस्कटते. जावेच लागले तर मंद लाल दिवा वापरावा, कारण उंदीर आणि रॅट यांना लाल प्रकाश फारसा दिसत नाही. पांढऱ्या केसांच्या, लाल डोळ्यांच्या प्राण्यांचे दृष्टिपटल तीव्र प्रकाशाने खराब होते, म्हणून त्यांचे पिंजरे रॅकच्या सर्वांत वरच्या, दिव्याखालच्या ओळीत ठेवू नयेत.

आवाजाची गोष्ट कानाने ठरवता येत नाही. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचेच ऐकू येते, उंदीर आणि रॅट त्याच्या कितीतरी वरचे ऐकतात. आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीत एखादे विद्युत उपकरण किंवा ट्रॉलीचे कुरकुरणारे चाक त्यांच्या लेखी दिवसभर किंचाळत असू शकते.

रोजची फेरी

प्रत्येक पिंजरा रोज पाहिला गेला पाहिजे, सुटीच्या दिवशीही. फेरीला हात न लावता सुरुवात करावी. पिंजरा रॅकवरून ओढला की प्राणी सावध होतात आणि आजारी प्राणीही धडपडत उठून उभा राहतो. म्हणून आधी जागच्या जागीच पाहावे. सगळे एकत्र झोपलेले असताना एकटाच बाजूला पाठ कुबडी करून बसला आहे का? कुणाचे केस विस्कटलेले, पिंजारलेले दिसतात का? घरटे विखुरलेले आहे का? उंदरांमध्ये घरट्याची अवस्था बरेच काही सांगते. नवे साहित्य टाकल्यावर धडधाकट उंदीर थोड्याच वेळात ते ओढून घरट्यात मिसळून टाकतो. तासाभराने ते जिथल्या तिथे पडून असेल तर त्या पिंजऱ्याकडे पुन्हा वळून पाहावे.

रॅटच्या डोळ्यांभोवती किंवा नाकाशी तांबूस डाग दिसला तर नवखा माणूस रक्त समजून घाबरतो. बहुधा ते रक्त नसते. डोळ्यामागील ग्रंथीतून येणारे ते लालसर रंगद्रव्य असते. निरोगी रॅट अंग चाटून ते पुसून टाकतो, त्रासलेला किंवा आजारी रॅट अंग साफ करणे सोडून देतो, आणि म्हणून डाग साचतो. घाबरू नये, पण नोंद करून पशुवैद्यकांना कळवावे.

पाण्याच्या बाटलीविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे. मी नवीन असताना एका पिंजऱ्यापुढून सलग दोन दिवस समाधानाने पुढे गेलो, कारण बाटली काठोकाठ भरलेली होती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पिंजऱ्यांच्या बाटल्या अर्ध्यावर आलेल्या दिसल्या आणि तेव्हा कुठे ट्यूब पेटली. नळीच्या टोकाची गोळी अडकली होती आणि आतल्या चार उंदरांना पाण्याचा थेंबही मिळाला नव्हता. जाळीवरच्या खाद्याच्या गोळ्याही जवळपास तशाच होत्या, कारण तहानलेला उंदीर खाणेही सोडतो. चारही वाचले, पण त्या गटाचे आकडे अर्थातच टाकून द्यावे लागले. तेव्हापासून बाटली भरलेली आहे का यापेक्षा कालच्यापेक्षा किती उतरली, हे पाहायची सवय लागली. उंदीर दिवसाला साधारण चार-पाच मिलीलिटर पाणी पितो, तेव्हा चौघांच्या पिंजऱ्यात पातळी रोज ठळक उतरायला हवी. बाटली लावताना नळीला बोट लावून थेंब येतो का ते पाहावे. उलट बाजूची चूकही तितकीच वाईट: गळक्या बाटलीने रात्रीतून अंथरूण भिजते आणि ओल्या अंगाने लहान प्राणी गारठून मरतो.

दातांकडेही लक्ष असावे. कुरतडणाऱ्या प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते एकमेकांवर नीट घासले गेले नाहीत तर वाकडे वाढतात आणि समोर खाद्य असूनही प्राणी उपाशी राहतो. पिंजऱ्यात एकाचेच वजन घटत असेल तर आधी तोंड पाहावे. गिनीपिगच्या बाबतीत खाद्याच्या पोत्यावरची तारीख वाचावी, कारण त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही आणि जुन्या खाद्यातील ते नष्ट झालेले असते.

पिंजरा बदलताना

अंथरूण साचले की मूत्रातून अमोनिया सुटतो आणि नाका-फुप्फुसांचे नुकसान करतो. तुमच्या नाकाला तो जाणवू लागला असेल, तर जमिनीलगत राहणाऱ्या प्राण्याने तो त्याआधीच पुरेसा सोसलेला असतो. मात्र रोज चकाचक सफाई हाही उपाय नव्हे, कारण उंदीर वासाने आपले घर ओळखतो. नव्या पिंजऱ्यात जुन्या घरट्याचा कोरडा, स्वच्छ भाग ठेवावा. मूत्राने भिजलेले अंथरूण नेऊ नये. एकत्र राहणाऱ्या नरांमध्ये पिंजरा बदलल्यानंतर भांडणे होतात आणि घरट्याचा वास सोबत गेल्यास ती कमी होतात. त्या दिवशी संध्याकाळी शेपटी आणि पाठीवर चावे आहेत का, ते पाहून घ्यावे. वेगवेगळ्या पिंजऱ्यांतील प्रौढ नर उंदीर जागा वाचवण्यासाठी एकत्र करू नयेत. पिल्ले व्यायलेल्या मादीला पहिले काही दिवस अजिबात हलवू नये.

हातात घेणे

उंदीर शेपटीने उचलायचा, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. २०१० मध्ये जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी दाखवून दिले की शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हाताला टाळतात आणि अधिक भेदरलेले असतात, तर नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर स्वतःहून हाताजवळ येतात. पद्धत सोपी आहे. पारदर्शक प्लास्टिकची नळी पिंजऱ्यातच ठेवून द्यावी, दुसऱ्या हाताने उंदराला हळूच तिच्याकडे वळवावे, तो आत शिरला की दोन्ही टोके हलकेच झाकून नळी उचलावी. "यात वेळ जातो" ही तक्रार पहिल्या आठवड्यापुरती खरी असते. पुढे तो आपणहून नळीत शिरतो आणि पाठलागाचा वेळ वाचतो.

रॅटला शेपटीच्या टोकाने कधीही धरू नये, कातडी सोलून निघते. खांद्यांमागून छातीभोवती तळहात घालून दुसऱ्या हाताने मागचे पाय तोलावेत. पिल्लूपणापासून रोज थोडे खेळवलेले रॅट फार लवकर ओळख ठेवतात. खेळताना ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास जे आवाज काढतात ते आपल्याला ऐकू येत नाहीत, हे आपले दुर्दैव. सशाला मात्र मागच्या भागाला आधार दिल्याशिवाय उचलू नये. त्याची हाडे हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू दणकट असल्यामुळे अधांतरी लाथ झाडताना तो स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो.

एक गोष्ट सहज विसरली जाते. रॅट संधी मिळाल्यास उंदराला मारतो, त्यामुळे रॅट हाताळून झाल्यावर त्याच हातमोज्यांनी उंदराच्या पिंजऱ्यात हात घालणे म्हणजे मांजराचा वास घेऊन आत जाण्यासारखे आहे. आधी उंदीर, मग रॅट. नाहीतर हातमोजे आणि कोट बदलावा.

इंजेक्शन आणि रक्त

हे प्रत्यक्ष शिकणाऱ्याने जाणकारासमोरच शिकावे; येथे फक्त मापाचा अंदाज देतो, कारण चुका मुख्यतः मापात होतात. पोटाच्या पोकळीत उंदराला वजनाच्या दर किलोमागे २० मिलीलिटरपर्यंत द्रव देणे योग्य मानतात, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या उंदराला जास्तीत जास्त अर्धा मिलीलिटर. सुई उजव्या बाजूला, पोटाच्या खालच्या भागात आणि डोके किंचित खाली झुकवून घालावी, म्हणजे आतड्याला इजा होण्याची शक्यता कमी होते. द्रव शीतकपाटातून काढून थेट देऊ नये. तो अंगाइतका कोमट करावा. प्रत्येक प्राण्याला नवी सुई वापरावी.

उंदराच्या अंगात दर किलोमागे सुमारे ७२ मिलीलिटर रक्त असते, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या उंदरात जेमतेम १.८ मिलीलिटर. एका वेळी यातले दहा टक्के, सुमारे ०.१८ मिलीलिटर घ्यावे आणि मग दोन आठवडे त्याला भरून काढू द्यावे. चाचणीला जास्त रक्त लागते असे आढळले, तर कमी रक्तात होणारी चाचणी शोधावी.

वेदना ओळखणे आणि शमवणे

मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने २०१० मध्ये उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याचे एक परिमाण मांडले. त्यात डोळे किती मिटलेले आहेत, नाकाचा आणि गालाचा फुगवटा, कानांची ठेवण आणि मिशांची दिशा या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. नवशिक्याने शस्त्रक्रियेच्या आधी त्याच उंदराचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे नंतरची तुलना त्याच्याशीच होते. झोपलेल्या प्राण्याला गुण देऊ नयेत, कारण मिटलेले डोळे तिथे फसवतात.

शस्त्रक्रियेत वेदनाशामक औषध दुखू लागल्यावर देण्यापेक्षा चीर देण्याआधीच द्यावे. औषध आणि मात्रा पशुवैद्यक ठरवतील. "वेदनाशामकामुळे आमचे निष्कर्ष बिघडतील" हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. वेदनेमुळेही झोप, भूक, प्रतिकारशक्ती आणि संप्रेरके बदलतात, हे त्या वेळी विचारात घेतलेले नसते. ज्याला खरोखर अडचण आहे त्याने ती समितीपुढे कारणांसह मांडावी.

भूल दिलेला उंदीर मिनिटांत गार पडतो, म्हणून भूल चढल्यापासून तो स्वतः उठून बसेपर्यंत खाली ऊब हवी. भुलेत डोळे उघडेच राहतात. त्यात मलम घालावे. माणसाप्रमाणे त्याला रात्रभर उपाशी ठेवण्याची गरज नसते, कारण उंदीर आणि रॅट यांना उलटी होतच नाही आणि एवढ्याशा जिवाला उपासच महागात पडतो. शुद्धीवर येणाऱ्या प्राण्याला भुशावर ठेवू नये, तो नाकातोंडात जातो; कागदी रुमालावर एकट्याला ठेवावे आणि चालू लागल्यावर सोबत्यांमध्ये सोडावे.

कुठे थांबायचे

कोणत्या लक्षणांवर प्रयोग थांबवायचा, हे आकड्यांत आधीच लिहिलेले असले पाहिजे. सुरुवातीच्या वजनात १५ ते २० टक्के घट ही बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी मर्यादा आहे. पण गाठ वाढत असलेल्या प्राण्यात गाठीचेच वजन भरते आणि काटा फसवतो. तिथे कमरेच्या हाडांवरून बोट फिरवून अंगावर मांस किती उरले आहे, ते पाच गुणांच्या श्रेणीवर मोजावे. तीन म्हणजे ठीक, दोनच्या खाली गेल्यास पशुवैद्यकांना बोलवावे. शुक्रवारी संध्याकाळी काठावर असलेला प्राणी सोमवारी पाहू म्हणून सोडू नये. तो निर्णय शुक्रवारीच घ्यायचा असतो.

मृत्यू देण्याची पद्धत आराखड्यात मंजूर असलेलीच वापरावी. कार्बन डायऑक्साइड वापरत असल्यास पेटी आधी भरून ठेवू नये. प्राणी आत ठेवून दर मिनिटाला पेटीच्या घनफळाच्या ३० ते ७० टक्के या वेगाने वायू सोडावा. नवजात पिल्ले या वायूला दीर्घकाळ दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी पद्धत लागते. श्वास थांबला म्हणजे मृत्यू झाला असे धरू नये. दुसऱ्या कृतीने खात्री केल्यावरच देह पिशवीत जावा. हे काम इतर प्राण्यांच्या खोलीत करू नये.

ज्या प्राण्याला महिनोन्‌महिने नळीतून उचलले त्याला स्वतःच्या हाताने मारणे अनेकांना जमत नाही. तसे आधीच सांगावे. दुसऱ्या प्रशिक्षित माणसाने ते करण्यात कुणाचाच कमीपणा नाही. थरथरत्या हाताने केलेले काम मात्र प्राण्याला भोवते. त्या आठवड्याचे वेळापत्रक प्राणीगृहाच्या फळ्यावर निदान आठ दिवस आधी लावावे. यकृत, मेंदू, रक्त यांपैकी काही तुमच्या प्रयोगाला नको असते, तेच शेजारच्या प्रयोगशाळेला हवे असू शकते, आणि त्यांनी वेळेवर येऊन ते नेले तर त्यांचे काही प्राणी मागवायचे राहतात. नंतर कार्डावर तारीख, कारण आणि आपली सही घालून ते नोंदवहीत लावावे व रॅकवरचा आकडा दुरुस्त करावा.